प्रस्तावना : मुठीतलं घड्याळ

रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याजवळच्या बाकड्यावर एक बाई बसल्या होत्या. चाळिशीच्या असाव्यात. तासाभरापूर्वी त्यांचे यजमान गेले होते. कागदपत्रं व्हायची होती, दीर खाली रुग्णवाहिकेचं बघत होते. मी तेव्हा आठवड्यातून दोन दिवस त्या वॉर्डात स्वयंसेवक म्हणून जायचे. सिस्टर म्हणाल्या, ‘‘ताई, जरा त्यांच्याजवळ बसता का?’’ मी बसले आणि बोलायला लागले.

काय काय बोलले ते आज सगळं आठवत नाही. जेवढं आठवतं तेवढं शरमेला पुरेसं आहे. धीर धरा. मुलांकडे बघा. फार भोगलं हो त्यांनी, सुटले म्हणायचं. तुम्ही केलंत तेवढं आजकाल कोण करतं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. वीसेक मिनिटांनी त्यांनी मान वर केली आणि अगदी मायेनं विचारलं, ‘‘ताई, तुम्हाला घरी जायला उशीर होत असेल ना?’’

मी उठले. माझी सुटका त्यांनीच केली होती. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, दोन थांबे गेले आणि मग एकदम डोळ्यांपुढे आलं, की त्या बाईंची उजवी मूठ सगळा वेळ घट्ट मिटलेली होती आणि करंगळीखालून काळा पट्टा लोंबत होता. पुरुषी घड्याळाचा. माझ्यापासून हातभर अंतरावर. ते मला दिसलं होतं हे नक्की, नाहीतर बसमध्ये आठवलं कुठून? पण मी ते पाहिलं नव्हतं. पुढचं वाक्य कोणतं बोलावं या काळजीत मी इतकी बुडाले होते, की समोरच्या बाईंना नीट बघायला मला सवडच झाली नाही.

हे पुस्तक त्या बसमध्ये सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही. हाताशी यायला पुढे बरीच वर्षं गेली, कारण मधल्या काळात मी आणखी पुष्कळ लोकांना धीर दिला.

मदत करणाऱ्याला मराठीत काय म्हणायचं, इथपासून अडचण आहे. ‘मदतनीस’ म्हटलं की अंगणवाडीतल्या ताई डोळ्यांसमोर येतात. ‘कार्यकर्ता’ म्हटलं की सतरंज्या उचलणारा कुणीतरी. आणि ‘समुपदेशक’ या शब्दाच्या तर पोटातच उपदेश बसलेला आहे, कितीही समजून-उमजून केला तरी उपदेशच. मला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो तो शब्द ‘सोबत’. रात्री दवाखान्यात थांबायला येशील का, असं आपण विचारतो तेव्हा ‘सोबतीला ये’ म्हणतो. सोबतीला आलेल्या माणसानं आजार बरा करावा अशी कुणाचीच अपेक्षा नसते. त्यानं तिथं असावं, जागं असावं, सलाइन संपत आली तर सिस्टरना हाक मारावी, एवढंच.

जागं असावं, यातच या पुस्तकाचा विषय आहे. मानसोपचारात एक पंथ असा आहे, की जो या जागेपणालाच औषध मानतो. त्याचं नाव गेस्टाल्ट. शब्द जर्मन आहे. कथेचा घाट, कवितेचा घाट असं आपण म्हणतो, त्यातला ‘घाट’ त्याच्या सर्वांत जवळ जातो: सुट्या तुकड्यांच्या बेरजेहून वेगळं असं एकसंध रूप. 1912 साली माक्स वर्टहायमर यांनी फ्रँकफुर्टला केलेले प्रयोग प्रसिद्ध केले आणि त्या नावाचं मानसशास्त्र उभं राहिलं. दोन रेघा ठरावीक अंतरानं एकामागून एक दाखवल्या, तर बघणाऱ्याला दोन रेघा दिसत नाहीत, एकच रेघ सरकताना दिसते. सिनेमा चालतो तो याच खुबीवर. वर्टहायमर आणि त्यांचे सहकारी क्योलर, कोफ्का ही मंडळी सांगत होती, की आपण जग तुकड्या-तुकड्यानं बघून मग जोडत नाही, आपल्याला पहिल्यापासूनच आकृती दिसते. आणि एक आकृती पुढे आली, की बाकीचं सगळं मागे सरून पार्श्वभूमी होतं. फुलदाणी दिसते तेव्हा दोन चेहरे दिसत नाहीत, चेहरे दिसू लागले की फुलदाणी नाहीशी होते, ते प्रसिद्ध चित्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

बाकड्यावर त्या दिवशी माझ्यापुढे आकृती होती ‘मी काय बोलू’ ही. घड्याळ पार्श्वभूमीत गेलं होतं.

प्रयोगशाळेतली ही गोष्ट माणसाच्या दुःखापर्यंत आणली ती एका जोडप्यानं. फ्रिट्झ पर्ल्स बर्लिनचे, जन्म 1893, पहिल्या महायुद्धात खंदकात राहून आलेले, पेशानं मनोविश्लेषक. लोरे पोस्नर, पुढे ज्या लॉरा पर्ल्स म्हणून ओळखल्या गेल्या, त्या फोर्झहाइमच्या, बारा वर्षांनी लहान, उत्तम पियानो वाजवणाऱ्या आणि गेस्टाल्ट मानसशास्त्रात रीतसर शिकलेल्या. 1926 च्या सुमारास दोघांची गाठ पडली ती फ्रँकफुर्टमध्ये, कुर्ट गोल्डस्टाइन यांच्याकडे. मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर गोल्डस्टाइन काम करत होते, आणि त्यांचं म्हणणं असं, की इजा मेंदूच्या एका कोपऱ्याला होत असली तरी नव्यानं घडी बसवतो तो अख्खा माणूस. लॉरांनी मार्टिन बूबर यांची व्याख्यानंही तिथंच ऐकली. माणूस समोरच्याशी दोन प्रकारे नातं जोडतो, वस्तूशी जोडावं तसं किंवा ‘तू’शी जोडावं तसं, हा बूबर यांचा विचार; त्यांचं ‘मी आणि तू’ हे पुस्तक 1923 चं. लॉरांच्या कामाचा तो कणा झाला.

1933 साली हिटलर सत्तेवर आला आणि दोघांना, ज्यू असल्यामुळे, देश सोडावा लागला. आधी ॲमस्टरडॅम, तिथं हलाखी; मग 1934 पासून जोहान्सबर्ग. तिथं बस्तान बसलं, मुलं वाढली, आणि तिथेच लॉरांनी एक अगदी घरगुती निरीक्षण केलं, जे माझ्या मते या सगळ्या विचाराचं बी आहे. बाळ दूध ओढतं तेव्हा त्याला फक्त गिळायचं असतं. दात आले, की गोष्ट बदलते. आता ते चावू शकतं, चव घेऊ शकतं, नको असेल ते थुंकू शकतं. जे चावून खाल्लं ते अंगी लागतं. जे न चावता गिळलं ते पोटात तसंच पडून राहतं. लॉरांना दिसलं, की विचारांचं, संस्कारांचंही असंच होतं. 1942 साली दक्षिण आफ्रिकेत निघालेल्या ‘इगो, हंगर अँड ॲग्रेशन’ या पुस्तकातली काही प्रकरणं लॉरांनी लिहिलेली होती. मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या फ्रिट्झचं. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही, म्हणून नोंदवून ठेवते.

आपल्या आज्या सांगायच्या, घास बत्तीस वेळा चावून खावा. पण त्याच आज्या, आणि आपल्या आया, आणि आता आपणही, मुलांच्या तोंडात न चावता गिळायचे घास भरत आलो. पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय. मोठ्यांना उलट बोलायचं नाही. मुलीच्या जातीनं एवढं हसू नये. लोक काय म्हणतील. पन्नाशीतला एक माणूस माझ्यासमोर बसून सांगत होता, की वडील गेले तेव्हा आपण रडलो नाही, ‘घरात कुणीतरी खंबीर राहायला हवं ना’. मी विचारलं, हे वाक्य कुणाचं? तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, ‘‘वडिलांचंच.’’ चाळीस वर्षं तो घास तसाच होता. हे वाक्य चुकीचं आहे असं मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो माझा घास झाला असता, आणि तोही त्यानं गिळला असता. त्याला आधी कळायला हवं होतं, की आपल्या तोंडात काहीतरी आहे.

या ‘कळण्या’साठी इंग्रजीत जो शब्द वापरतात, त्याला मराठीत जाणीव, सजगता, जागरूकता असे पर्याय सुचवले जातात. ‘सजगता’ला मोबाइलच्या ॲपचा वास येतो, आणि ‘जाणीव करून देणं’ यात आपल्याकडे दम देण्याचा सूर असतो. मी या पुस्तकात सरसकट ‘भान’ म्हटलं आहे. भान येतं, राहतं, सुटतं, हरपतं. माणूस भानावर येतो. स्मृतिग्रंथांमधून कुणी कुणी समाजाला आत्मभान ‘देत’ असतं खरं, पण घरात बोलताना कुणी कुणाला भान देत नाही. भाषेला बहुधा आधीच कळलेलं आहे, की ही हातात ठेवायची वस्तू नाही. ते ज्याचं त्याला येतं. दुसरा फार तर ते येण्याला जागा करून देऊ शकतो.

भान म्हटल्यावर मराठी वाचकाला इगतपुरी आठवेल. तिथल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला आता घरटी कुणी ना कुणी जाऊन आलेलं असतं, आणि ‘हे तेच ना?’ असा प्रश्न मला व्याख्यानांत हमखास विचारला जातो. नात्यातलं आहे, फ्रिट्झ स्वतः साठच्या दशकात जपानला जाऊन झेन मठात राहून आले होते. पण फरक मोठा आहे. शिबिरात माणूस डोळे मिटून, मौन धरून स्वतःपाशी बसतो. गेस्टाल्टमध्ये डोळे उघडे असतात आणि समोर दुसरा माणूस असतो. भान दोघांच्या मध्ये येतं, जिथं एकाची कड संपते आणि दुसऱ्याची सुरू होते तिथं. तिला हे लोक संपर्काची सीमा म्हणतात. कातडीचं उदाहरण देतात. कातडी मला जगापासून वेगळं ठेवते आणि जगाचा स्पर्शही मला कातडीनंच कळतो.

1946 मध्ये पर्ल्स न्यूयॉर्कला गेले. 1951 मध्ये ‘गेस्टाल्ट थेरपी’ हे मूळ पुस्तक आलं, फ्रिट्झ, कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक राल्फ हेफरलाइन आणि लेखक पॉल गुडमन अशा तिघांच्या नावावर. गुडमन यांनी लिहिलेला तात्त्विक भाग चिवट आहे, दोनदा वाचूनही मला तो अर्धाच कळतो. पण हेफरलाइन यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून करून घेतलेले साधे प्रयोग त्यात आहेत, आणि ते आजही ताजे वाटतात. त्यातला एक असा: ‘आत्ता मला जाणवतंय की’ अशी सुरुवात करून जे जे जाणवेल ते बोलत राहायचं. पंखा, पाठीला टोचणारी खुर्ची, पोटातला आवाज, बाहेरचा हॉर्न. सोपं वाटतं. दीड-दोन मिनिटांत माणूस उद्याच्या कामाबद्दल किंवा कालच्या भांडणाबद्दल बोलू लागतो, आणि आपण केव्हा निसटलो ते त्याला सांगता येत नाही. त्या निसटण्याच्या जागेत पुष्कळ काही असतं.

फ्रिट्झ-लॉरांचं पुढचं चरित्र सविस्तर सांगायचा मोह आवरते. एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. 1936 साली फ्रिट्झ आफ्रिकेहून युरोपला आले, मनोविश्लेषकांच्या परिषदेत निबंध वाचला, तो कुणाला फारसा पटला नाही. आणि व्हिएन्नाला फ्रॉइडना भेटायला गेले तर भेट दारातच उरकली. हजारो मैलांवरून आलेल्या माणसाला आत या असंही कुणी म्हणालं नाही. ती सल त्यांनी म्हातारपणापर्यंत बाळगली. ज्या माणसानं ‘अपुरं राहिलेलं’ या गोष्टीवर एवढं काम केलं, त्याचं स्वतःचं अपुरं राहिलेलं हे असं होतं.

अपुरं राहिलेलं. मराठीत आपण म्हणतो, ‘राहून गेलं’. बोलायचं राहून गेलं. एकदा भेटायचं राहून गेलं. बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं, की पुरं झालेलं काम माणूस विसरतो आणि मध्येच तोडलेलं काम त्याच्या लक्षात राहतं. नंतरच्या संशोधकांना हा निष्कर्ष दर वेळी तसाच मिळालेला नाही, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण ज्यानं कुणी कोविडच्या दोन वर्षांत आपलं माणूस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं लांबून पाहिलं, किंवा तेही पाहिलं नाही, त्याला याचा पुरावा नको आहे. माझ्याकडे आजही अशी माणसं येतात. येताना दुसरंच काही घेऊन येतात, झोप लागत नाही, सुनेशी पटत नाही. राहून गेलेलं मागे पार्श्वभूमीत उभं असतं आणि पुढच्या प्रत्येक गोष्टीवर त्याची सावली पडते.

त्यासाठीचं गेस्टाल्टचं सर्वांत गाजलेलं साधन म्हणजे रिकामी खुर्ची. मूळ कल्पना मोरेनो यांच्या सायकोड्रामा या नाट्योपचारातली, फ्रिट्झनी ती उचलली. समोरच्या खुर्चीत तो गेलेला किंवा दुरावलेला माणूस बसला आहे असं मानून त्याच्याशी बोलायचं; मग उठून त्याच्या खुर्चीत बसायचं आणि त्याच्या बाजूनं बोलायचं. ऐकायला नाटकी वाटतं. पण 1995 साली सँड्रा पायव्हिओ आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी 34 जणांवर केलेल्या अभ्यासात, जवळच्या माणसाबद्दलची कोंडलेली सल सुटायला हे संवाद नुसत्या माहितीपर वर्गापेक्षा स्पष्टपणे अधिक उपयोगी ठरले. म्हणूनच ते साधन धारदार आहे. या पुस्तकात खुर्चीवर एक प्रकरण आहे आणि त्याच्या पहिल्या ओळीत लिहिलं आहे, की रीतसर प्रशिक्षण आणि पाठीशी अनुभवी पर्यवेक्षक असल्याशिवाय हे दुसऱ्यावर करून बघू नका. मी इथंही तेच लिहिते, कारण लोक थेट त्या प्रकरणावर उडी मारतात.

आता फ्रिट्झ यांच्याबद्दलची माझी तक्रार. मराठी वाचकाला अल्बर्ट एलिस माहीत आहेत, कि. मो. फडके यांनी त्यांचा विवेकनिष्ठ विचार मराठीत घरोघरी नेला. त्या एलिसबरोबर फ्रिट्झ एकाच चित्रफितीत आहेत. 1964 साली ग्लोरिया नावाच्या एका घटस्फोटित तरुणीची तीन उपचारकांनी कॅमेऱ्यासमोर पाठोपाठ मुलाखत घेतली: कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस. पर्ल्स यांचा भाग बघताना मी दोनदा थांबवला. ती म्हणते मला भीती वाटतेय, आणि हसते. ते लगेच पकडतात: घाबरलेला माणूस हसत नसतो. नजर किती तयार, क्षणात सापडतं! आणि पुढच्याच क्षणी त्या सापडलेल्याचा ते सोटा करतात. ती चिडते, ते तिला ढोंगी म्हणतात, ती आणखी चिडते. शेवटी ग्लोरिया म्हणाली, की तिघांत पर्ल्सच आपल्याला सर्वाधिक उपयोगी ठरतील. पुढे मात्र तिचं मत बदललं, आणि तिचं आयुष्यभराचं स्नेहाचं नातं राहिलं ते रॉजर्स पती-पत्नींशी.

कॅलिफोर्नियातल्या इसालेन या संस्थेत फ्रिट्झ साठच्या दशकात ‘हॉट सीट’वर माणसं बसवत, भोवती प्रेक्षक, आणि काही मिनिटांत त्या माणसाला रडवत किंवा उलगडून दाखवत. लोक थक्क होत. गेस्टाल्टची जगभर जी प्रतिमा झाली ती त्या प्रयोगांमुळे, आणि तिनं या विचाराचं मोठं नुकसान केलं. तुझं तू, माझं मी, असा एक सवंग अर्थ त्यातून निघाला. लॉरा न्यूयॉर्कमध्येच राहिल्या. 1952 मध्ये दोघांनी काढलेली तिथली संस्था त्यांनी पुढची कित्येक दशकं चालवली, गाजावाजा न करता, आणि 1990 मध्ये आपल्या जन्मगावी वारल्या. त्यांचा भर आधारावर होता. माणूस नव्याला सामोरा जातो तो पायाखाली आधार असेल तरच. म्हणून आधार लागेल तेवढा द्यावा आणि जमेल तितका कमी द्यावा. आधार म्हणजे तरी काय? त्या बसण्याकडे बघत, श्वासाकडे बघत. पाय जमिनीला टेकलेत का? पाठ खुर्चीला लागली आहे का? पियानोवर बसणाऱ्या बाईला हे कळणारच. मी लॉरांच्या बाजूची आहे, आणि हे पुस्तकही.

अंगाकडे बघायला मराठी माणसाला शिकवावं लागू नये. आपली भाषाच अंगातून बोलते. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, काळजात चर्र होतं, हातपाय गळतात, जीव टांगणीला लागतो आणि मग भांड्यात पडतो. राग आला की आपण दातओठ खातो. गेस्टाल्टमध्ये एक संकल्पना आहे, बाहेर जायचं ते स्वतःवरच उलटवण्याची. तिच्यासाठी मी शब्द शोधत होते, आणि ‘मूग गिळून बसणं’, ‘आवंढा गिळणं’, ‘मन मारणं’ हे सगळे आधीच तयार होते. पण ऐकणारा या शब्दांवरून नुसता पुढे जातो. ‘‘काय सांगू ताई, सगळं घशाशी आलंय,’’ असं कुणी म्हणालं, तर आपण विचारतो, ‘‘का, काय झालं?’’ एकदा विचारून बघा, ‘‘घशाशी आलंय, ते आत्ताही आहे का?’’ बहुतेकांचा हात नकळत गळ्याकडे जातो. आणि मग जे येतं ते, काय झालं याच्या शंभरदा सांगितलेल्या हकिकतीपेक्षा वेगळं असतं.

‘का’ हा प्रश्न गेस्टाल्टला फारसा आवडत नाही. का रडतेस, का असं केलंस. मराठीत तर ‘का’ विचारला, की समोरचा पिंजऱ्यात उभा राहतो आणि कारणं द्यायला लागतो. काय होतंय आणि कसं होतंय, हे जास्त उपयोगी. पण ‘कसं वाटतंय’ हा प्रश्न आता वापरायची सोय राहिलेली नाही. पूर आला, बस दरीत कोसळली, की तोंडापुढे माइक धरून वाहिन्यांवरची पोरं हाच विचारतात. त्या दोन शब्दांची त्यांनी वाट लावली. मी ‘आत्ता काय होतंय?’ यावर येऊन थांबले आहे. पुष्कळदा काहीच विचारत नाही.

आणि हेच विचारायचं असतं स्वतःलाही. खरं तर आधी स्वतःला. मी मागे जिला ‘पुढचं वाक्य कोणतं’ याची काळजी म्हटलं, ती काळजी नव्हतीच. ती भीती होती. त्या बाईंचं दुःख मला सोसवत नव्हतं. ते लवकर आवरावं, झाकावं, म्हणून मी शब्द टाकत होते, जखमेवर कापूस कोंबावा तसे. माझे खांदे वर चढले असणार, श्वास वरच्यावर चालला असणार. तेवढं भान जरी मला असतं, तरी मी निदान गप्प बसले असते. मदत करणाऱ्याची घाई ही बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या अस्वस्थतेवरची मात्रा असते. समोरच्याला बरं वाटलं, की आपल्याला बरं वाटणार असतं.

इथं अर्नोल्ड बाइसर यांचं नाव घेतलं पाहिजे. नावाजलेले टेनिसपटू, डॉक्टर झाले, आणि पंचविशीत, 1950 साली, पोलिओनं पूर्ण जखडले. कितीतरी महिने आयर्न लंग या यंत्राच्या पेटीत काढले, डोकं तेवढं बाहेर. पुढे चाकाच्या खुर्चीतून मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम केलं. 1970 साली त्यांनी एक छोटा निबंध लिहिला, जेमतेम पाच-सहा पानांचा. त्याचा आशय असा: माणूस जे नाही ते व्हायचा प्रयत्न करतो तोवर तो बदलत नाही, जे आहे ते पुरेपूर होतो तेव्हा बदल घडतो. कुणी धट्टाकट्टा माणूस हे म्हणाला असता तर मी सुभाषितं जमवणाऱ्यांच्या वहीत ते सोडून दिलं असतं. पण पंचविशीनंतर अंग हलवू न शकलेल्या टेनिसपटूनं हे लिहिलं आहे. ‘जे आहे ते होणं’ म्हणजे काय, याची किंमत त्याला माहीत होती.

मदत करणाऱ्यासाठी यातून निघतं ते फार अवघड आहे. समोरच्याला बदलायचा आग्रह सोडायचा. दारू सोड म्हणणाऱ्यांची रांग त्याच्या घरापासून सुरू झालेली असते; त्या रांगेत आपण शेवटचे उभे राहायचं नाही. त्याच्या आत आधीच एक मास्तर छडी घेऊन उभा असतो आणि एक वांड पोरगं ‘उद्यापासून नक्की’ म्हणत असतं. आपण मास्तरांच्या बाजूनं बोललो, की ते पोरगं आणखी हुशार होतं. दोघांचंही ऐकून घेणारं तिसरं माणूस मात्र त्यानं पाहिलेलं नसतं.

याचा अर्थ हातावर हात ठेवून बसायचं असा घेऊ नये, आणि तसा घेतला जातो म्हणून स्पष्ट लिहिते. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलत असेल, घरात मारहाण होत असेल, लहान मूल धोक्यात असेल, तर भान म्हणजे उठून योग्य ठिकाणी पोचवणं. सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून आहे, क्रमांक 14416, मराठीतही बोलता येतं. तो पाठ असावा. ज्याला भास होतात, जो आधीच फार विस्कटलेला आहे, त्याला आणखी खोल जायला लावू नये. त्याला जमिनीवर आणावं, चहा द्यावा, आणि डॉक्टरांकडे न्यावं. भूक लागलेल्या माणसाला पोटात काय जाणवतंय असं विचारणाऱ्याला मी या पुस्तकाची प्रत देणार नाही.

पुस्तक शिक्षक, आशाताई, परिचारिका, हेल्पलाइनवर बसणारे स्वयंसेवक आणि ज्यांच्याकडे गल्लीतले लोक आपणहून मन मोकळं करायला येतात अशा सगळ्या मावश्या-काकांसाठी आहे. हे वाचून कुणी उपचारक होणार नाही. पहिले तीन पाठ दुसऱ्या कुणावर करायचेच नाहीत, ते स्वतःवर आहेत. ज्यांची उदाहरणं आली आहेत त्यांची ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. बाकड्यावरच्या बाईंचं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं.

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या शिक्षिकांनी माझ्यापुढे रिकामी खुर्ची ठेवली आणि कुणाला बसवायचंय विचारलं. सगळ्यांना वाटलं होतं मी आईला बसवीन. मी त्या बाईंना बसवलं. माफी मागायची असं ठरवून आले होते, पण समोर पाहिल्यावर तोंडून निघालं, ‘‘ते घड्याळ चालू होतं का हो?’’ शिक्षिका म्हणाल्या, आता तिकडे बसा. मी उठून त्या खुर्चीत बसले. उत्तर काही येईना. खोलीत पंख्याचा आवाज होता. बऱ्याच वेळानं शिक्षिकांनी हळूच विचारलं, ‘‘हात काय करतोय?’’ मी खाली पाहिलं. माझी उजवी मूठ मिटलेली होती, नखं तळव्यात रुतेपर्यंत, आणि मला ती उघडायची नव्हती.